‘तें’पासून ‘हेंचि’पर्यंत: कविता, गाणे, नृत्य आणि चरित्र यांत अर्थ कुठे शोधावा

संगीत आणि नृत्याचा पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, एखादी कविता आपण आधी वाचली, मग तीच गाण्यात ऐकली आणि नंतर नृत्यात पाहिली, तर तिन्ही वेळा अर्थ वेगळा का लागतो आणि त्यांतला खरा कोणता मानायचा. पुढचे प्रश्न असे, की कवीचे किंवा कलावंताचे चरित्र माहीत असल्याने अर्थ उलगडतो की उलट त्यावर झाकण पडते, आणि एका कलावंताचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असे प्रबंधात लिहिताना पुरावा म्हणून काय द्यायचे. मी कथक शिकवते. तीस वर्षांहून अधिक काळ भावअंग, म्हणजे शब्दांतला भाव चेहऱ्याने आणि शरीराने दाखवणे, शिकवताना हे सगळे प्रश्न माझ्यासमोर वारंवार आले आहेत, म्हणून उत्तर वर्गातल्या अनुभवाला धरून देते. ते थोडे लांबेल, कारण उदाहरण जवळून पाहिल्याशिवाय या विषयात काहीच हाती लागत नाही.

अर्थ म्हटला की आपण ताबडतोब भक्ती, विरह, समर्पण अशा मोठ्या शब्दांकडे धावतो. हे शब्द खोटे नाहीत, पण ते इतके ऐसपैस आहेत की त्यांत कोणतीही रचना मावते आणि म्हणूनच एखाद्या विशिष्ट रचनेविषयी ते फारसे काही सांगत नाहीत. मी विद्यार्थ्यांना एक ओळ घ्यायला सांगते. कवीने कोणता शब्द, कोणते क्रियारूप, कोणता क्रम निवडला ते आधी पाहायचे. मग गायकाने कोणते अक्षर लांबवले आणि कुठे परतायचे ठरवले ते पाहायचे. मग नर्तकाने नजर कुठे ठेवली ते पाहायचे. अर्थ या निवडींमध्ये सापडतो, प्रभावही तिथेच सापडतो, आणि चरित्राचा उपयोग एखादी निवड समजून घेण्यापुरता होतो.

उदाहरणासाठी तुकोबांचा, सर्वांच्या तोंडी असलेला अभंग घेऊ: ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’. ही मोठ्या अभंगाची नेहमीची बांधणी आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. इथे यमक जुळते ते ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ या शब्दांत, म्हणजे पावले जिथे टेकली ती जागा आणि हात जिथे टेकले ती जागा कानाने एकमेकींना जोडली जाते. पुढच्या कडव्यांत नजर कशी फिरते ते पाहा: गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर, मग कानांत तळपणारी मकरकुंडले, कंठातला कौस्तुभमणी. चेहरा मात्र कुठेच नाही. तो येतो थेट शेवटच्या कडव्यात: ‘तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें’. आणि तिथे क्रियापद आहे ‘पाहीन’, भविष्यकाळातले. सगळा अभंग डोळ्यांसमोर मूर्ती असल्यासारखा चालला आहे, पण मुखापाशी आल्यावर कवी ‘पाहतो’ म्हणत नाही, ‘पाहीन’ म्हणतो.

आता सर्वनामे पाहू. पहिल्या कडव्यात ‘तें ध्यान’ आहे, दुसऱ्यात ‘तेंचि रूप’ आहे, शेवटी मात्र ‘हेंचि सर्व सुख’. व्याकरणाच्या दृष्टीने ‘हेंचि’ सुखाकडे बोट दाखवते, रूपाकडे नाही, हे मला मान्य आहे. तरीही कानाला ‘तें’कडून ‘हें’कडे झालेला प्रवास लागतोच, आणि गंमत अशी की जवळीक सांगणाऱ्या ‘हेंचि’ला लागूनच दर्शन पुढे ढकलणारे ‘पाहीन’ येते. सुख जवळ आले आहे आणि मुख अजून पाहायचे आहे. केवळ ‘भक्तिरसप्रधान रचना’ असे लिहिले असते तर हे कधीच दिसले नसते. वाचनाने मिळणारा अर्थ तो हा, आणि तो शब्दांत बांधलेला असल्यामुळे गायक आणि नर्तक दोघांनाही त्याचा हिशेब द्यावा लागतो.

गाण्यात पहिला बदल होतो तो दिशेचा. वाचताना अभंग पुढे जातो, गाताना तो परत येतो. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद, म्हणजे परत परत म्हणायची पहिली ओळ, येते, आणि ध्रुपदाचे शब्द तेच असले तरी त्यांच्या आधी काय येऊन गेले यावर त्यांचा अर्थ बदलत जातो. पहिल्यांदा ‘सुंदर तें ध्यान’ ही केवळ ओळख असते. कुंडले आणि कौस्तुभ होऊन गेल्यावर तीच ओळ डोळे भरून पाहिल्यानंतरची वाटते. ‘पाहीन श्रीमुख आवडीनें’ झाल्यावर जेव्हा गायक पुन्हा ‘सुंदर तें ध्यान’वर येतो, तेव्हा ज्या मुखाला पाहण्याची इच्छा व्यक्त झाली त्याच्याकडेच तो वळलेला असतो. कागदावर अभंग ‘पाहीन’वर उघडा राहतो, गाण्यात तो उघडेपणा ध्रुपद भरून काढते. हा अर्थ चाल लावणाऱ्याने बाहेरून आणलेला नाही, परतण्याच्या रीतीतूनच तो निर्माण झाला आहे.

दुसरा बदल अक्षरांच्या लांबीचा. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे तालाच्या आठ समान मापांचा असतो. एका मात्रेला एक अक्षर धरले तर सहा अक्षरांच्या चरणानंतर दोन मात्रा उरतात आणि चार अक्षरांच्या चरणानंतर चार, त्यामुळे गायकाला कुठेतरी अक्षर ओढावे लागते किंवा थांबावे लागते. ‘तें’ लांबवले तर अंतर ऐकू येते, ‘उभे’ लांबवले तर तिष्ठणे ऐकू येते, ‘सुंदर’वर रेंगाळले तर पाहणाऱ्याचा आनंद पुढे येतो. एकाच शब्दसंचातले हे तीन वेगळे अर्थ आहेत आणि तिन्ही मूळ ओळीत शक्यता म्हणून होतेच. तुम्ही जेव्हा दोन गायकांची तुलना कराल तेव्हा राग कोणता, स्वर कोणते याच्या आधी कोणते अक्षर लांबले याची नोंद करा. मला तरी यातून सर्वांत जास्त मिळाले आहे.

तिसरी गोष्ट सामूहिक भजनातली. गायक ‘माझें हेंचि सर्व सुख’ म्हणतो आणि टाळकरी ती ओळ उचलतात. एका माणसाचे ‘माझें’ पंचवीस-तीस गळ्यांतून येऊ लागते. वाचताना ते ‘माझें’ तुकोबांचे होते, आता ते म्हणणाऱ्या प्रत्येकाचे आहे, आणि तरी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा जागची हलत नाही. वारकरी परंपरेत अर्थ असा वाटला जातो. कवीचे नाव कायम राहते, सर्वनाम मात्र सर्वांचे होते. मैफलीत एकट्या गायकाने गायलेला हाच अभंग म्हणूनच वेगळा लागतो. त्यात काही कमी असते असे नाही. त्यात ‘माझें’ पुन्हा एकाचे होते, एवढेच.

आता नृत्य, माझा स्वतःचा प्रांत. नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि अभिनयदर्पणातला ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ हा श्लोक नृत्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो: जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, जिथे मन तिथे भाव आणि जिथे भाव तिथे रस. पण या अभंगातल्या विठ्ठलाचे दोन्ही हात कमरेवर आहेत. नर्तकाचे बोलण्याचे मुख्य साधनच काढून घेतले आहे. हस्तमुद्रा नाही, चालणे नाही, कारण पावले विटेवर आहेत. उरते ते उभे राहणे, श्वास आणि डोळे.

काही वर्षांपूर्वी एक गुणी विद्यार्थिनी ही ओळ बसवत होती. ‘कर कटावरी’ आले की ती हात डौलाने वर उचलायची, वर्तुळ घेऊन कमरेवर आणायची आणि हनुवटी किंचित वर करून उभी राहायची. हालचाल देखणी होती, पण समोर उभा राहिला तो कुणीतरी आव्हान देणारा माणूस. मी तिला ओळ पुन्हा म्हणायला सांगितली आणि विचारले, ‘ठेवोनियां म्हणजे काय?’ ती म्हणाली, ‘ठेवून’. म्हणजे ठेवण्याची क्रिया आधीच झाली आहे. आपण पाहायला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते हात तिथे आहेत. मग आम्ही हात उचलणे काढून टाकले. ती पाठमोरी असतानाच हात कमरेवर ठेवले आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, केवळ वळून समोर यायचे ठरवले. कोपरे मागे ओढलेली होती ती किंचित पुढे घेतली, खांदे खाली सोडले, वजन दोन्ही पावलांवर सारखे आणून समपाद, म्हणजे पावले सरळ ठेवून उभे राहण्याची स्थिती, घेतला आणि श्वास सोडत नजर समोरच्याच्या उंचीला आणली. तेवढ्याने आव्हान गेले आणि वाट पाहणे आले. पुंडलिकाने आई-वडिलांच्या सेवेत असताना वीट पुढे केली आणि देव तिच्यावर थांबला, ही कथा तिने निराळी सांगितलीच नाही, तरी पाहणाऱ्यांना ती आठवली.

याच अभंगात नर्तकाला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, जो गायकाला घ्यावा लागत नाही: आपण कोण आहोत? विटेवरचा देव की समोर उभा असलेला भक्त? एकाच नर्तकाने अनेक पात्रे उभी करण्याची आपली रीत आहे, त्यामुळे दोन्ही होता येते, पण केव्हा बदलायचे हे ठरवावे लागते. मी स्वतः पहिल्या ओळीनंतर देव होत नाही. पुढची सगळी वर्णने भक्ताच्या नजरेने करते, पायांपासून वर, आणि ‘पाहीन’ या शब्दावर चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या बेतात असताना थांबते. दुसऱ्या एखाद्या नर्तकीने शेवटी पुन्हा देव होऊन भक्ताकडे पाहिले तर तो वेगळा अर्थ होईल आणि तो चुकीचा ठरवायला माझ्याकडे कारण नाही.

मग चुकीचा अर्थ असतो की नाही? माझ्या मते असतो. एकदा एका सादरीकरणात शेवटच्या ओळीवर नर्तकी कोसळून रडली. प्रेक्षकांवर परिणाम झाला, टाळ्या झाल्या. परंतु ओळीचा शेवटचा शब्द ‘आवडीनें’ असा आहे. त्या रडण्यात ‘आवडीनें’ला बसायला जागाच नव्हती. विरहाचे इतर अनेक अभंग आहेत, त्यांत हे अश्रू शोभले असते. मी विद्यार्थ्यांना एकच कसोटी देते: अर्थ कोणताही लावा, पण मूळ ओळीतला एकही शब्द बेघर होता कामा नये. एकाहून अधिक अर्थ या कसोटीला उतरतात, आणि काही अर्थ कितीही प्रभावी असले तरी उतरत नाहीत.

चरित्राच्या प्रश्नाकडे वळते. याच तुकोबांचा दुसरा एक अभंग ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ असा सुरू होतो. इथे कवी स्वतःच्या आयुष्यातले दिवाळे आणि दुष्काळ यांची नावे घेतो. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस दख्खनमध्ये पडलेला भीषण दुष्काळ आणि त्यात या घराची झालेली वाताहत माहीत नसेल, तर ‘बरें जालें’ या शब्दांची धार कळणार नाही. रचनेने चरित्राला स्वतःहून हाक मारली आहे. ‘सुंदर तें ध्यान’मध्ये मात्र अशी हाक नाही. तिथे ‘तुका म्हणे’ एवढीच खूण आहे, आणि त्या अभंगाच्या सौंदर्याचे कारण दुष्काळात शोधायला गेलो तर आपण कवितेवर चरित्र लादू. रचना चरित्राला बोलावते की आपण ते घेऊन जातो, हा भेद प्रबंधात काटेकोरपणे पाळा.

काही रचना या दोहोंच्या मध्ये उभ्या असतात. भैरवीतली ‘बाबुल मोरा नैहर छूटो ही जाय’ ही ठुमरी अवधचे नवाब वाजिद अली शाह यांची मानली जाते. इंग्रजांनी १८५६ मध्ये अवध खालसा केले, नवाबांना लखनौ सोडावे लागले आणि पुढचे आयुष्य त्यांनी कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे काढले. ही हकिकत माहीत असली की माहेर म्हणजे लखनौ, हा अर्थ सुटता सुटत नाही. पण शब्द नववधूचे आहेत, आणि पुढच्या ओळीतले डोली उचलणारे चार कहार तिरडीचे चार खांदेकरीही आहेत. सासरी जाणे, देशोधडीला लागणे आणि जग सोडणे हे तिन्ही अर्थ त्या चार कहारांवर एकाच वेळी उभे आहेत. कथकमध्ये बसून भाव करण्याची जी परंपरा आहे आणि ज्यासाठी शंभू महाराज विख्यात होते, तिच्यात अशी एक ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी नवा अर्थ दाखवतात. ठुमरी गायक यालाच बोलबनाव म्हणतात. मी ही ठुमरी शिकवते तेव्हा नवाबांची गोष्ट शेवटी सांगते. आधी सांगितली तर विद्यार्थी पहिल्या खेपेपासून राजा होऊन बसतात आणि मुलगी हरवते. पुढे १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’ या चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायली आणि रस्त्यावर गाणाऱ्या माणसाच्या एकटेपणाचा आणखी एक थर तिच्यावर चढला. आज ही ठुमरी ऐकणारा तो थर वजा करून ऐकू शकत नाही. अर्थावर प्रभाव पडतो तो असाही, रचनेच्या जन्मानंतर ऐंशी वर्षांनी.

चरित्र आणि कला यांचा संबंध लावताना सर्वांत जास्त घाई जिथे होते ते उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. त्यांना क्षयरोग झाला, हवा मानवावी म्हणून ते १९४८ मध्ये देवासला राहायला गेले आणि काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. त्यांच्या गाण्यातले छोटे, टोकदार स्वरसमूह ऐकून लोक सहज म्हणतात की आजाराने फुप्फुस अधू झाले म्हणून ते तसे गायले. शरीराची मर्यादा होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण मर्यादेने एवढेच ठरवले की काय करता येणार नाही. काय करायचे हे त्यांनी ठरवले. अंथरुणावर पडून असताना माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर येत होती. ती अनेकांच्या कानावर येत होती. त्यांनी मात्र त्या धुनांकडे रागाचे बीज म्हणून पाहिले, चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या धुनेत रागाचे चलन, म्हणजे त्याची स्वरांतून चालण्याची रीत, शोधले आणि त्यातून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग उभे केले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह पाहिला तर हे विचारपूर्वक केलेले काम आहे हे स्पष्ट दिसते. आजार हा प्रसंग होता. त्या प्रसंगात काय ऐकायचे, ही निवड होती. कोणत्याही थोर माणसाचे चरित्र वाचताना मी प्रसंगाखाली एक रेघ आणि निवडीखाली दोन रेघा ओढते, आणि लेखन करताना दोन रेघांपासून सुरुवात करते.

आता प्रभाव. मराठीत यासाठी जे शब्द आहेत ते नीट वापरले तर अर्धे काम होते. नक्कल म्हणजे परिणाम उचलणे. छाया म्हणजे क्वचित एखाद्या जागेत दुसरा दिसणे. पगडा म्हणजे दुसऱ्याच्या पलीकडे जाता न येणे. ठसा म्हणजे कायमची खूण. संस्कार म्हणजे विचार करण्याची रीतच घडणे. आपण सरसकट ‘प्रभाव’ लिहितो आणि हे सगळे भेद पुसून टाकतो.

भीमसेन जोशींचे उदाहरण घ्या. लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ध्वनिमुद्रिका ऐकली, तिने ते झपाटले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले. पुढे ते ज्यांच्याकडे शिकले ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. म्हणजे प्रभाव दोन वाटांनी आला, एक ध्वनिमुद्रिकेची आणि एक तालमीची. पण दोघांचे गाणे शेजारी ठेवून ऐका. खाँसाहेबांचा आवाज पातळ, आर्जवी, स्वराला बिलगणारा. भीमसेनांचा भरदार, दमसासाचा, तानांत आकाश व्यापणारा. आवाजाच्या जातीत साम्य शोधायला गेलात तर प्रभाव नाहीच असे म्हणावे लागेल. साम्य आहे ते विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात एकेका स्वराला न्याय देत राग उलगडण्याच्या रीतीत आणि सुरेलपणाच्या आग्रहात. तो संस्कार आहे, आणि तो ऐकून दाखवता येतो. तुमच्या प्रबंधात ‘प्रभाव’ हा शब्द जिथे येईल तिथे अशी ठिकाणे दाखवा: अमुक रागात अमुक स्वरावर दोघे कसे थांबतात, किती वेळ थांबतात, तिथून कुठे जातात.

प्रभावाची सर्वांत प्रांजळ नोंद मला आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत दिसते. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल यांच्याबरोबर ‘चाल’ दिलेली असते, म्हणजे हे पद कोणत्या आधीच्या गाण्यावर बांधले ते तिथेच लिहिलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ‘सौभद्र’पासून हे पाहता येते, साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी चाली तिथे उघडपणे येतात. पुढे १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही परंपरांच्या तालमीतून आलेल्या ख्यालाच्या बंदिशींनी नाट्यपदांचे रूप घेतले आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या रुक्मिणीच्या झाल्या. मूळ बंदिश आणि पद शेजारी ठेवून पाहिले की तीन-चार आवर्तनांत, म्हणजे तालाच्या तीन-चार फेऱ्यांत, सगळे सांगता येते: मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, तोच राहिला का, सम कोणत्या अक्षरावर आली, आणि मूळ शब्दांतला आर्जव रुक्मिणीच्या तोंडी लाजेत बदलला की अभिमानात. अशा तुलनेला मी उत्तम अभ्यास म्हणेन, कारण यात काय घेतले याबरोबर काय बदलले हेही दिसते.

कधी कधी प्रभाव येतो आणि त्याची एकही दृश्य खूण राहत नाही. रशियन बॅले नर्तकी अॅना पावलोवा यांच्या सहवासात उदय शंकर आले, १९२३ मध्ये त्यांच्याबरोबर त्यांनी काम केले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही पावलोवांमुळेच नृत्याची ओढ लागली. दोघांनाही पावलोवांनी आपल्या देशाच्या नृत्याकडे पाहण्याची दिशा दिली. रुक्मिणीदेवी पुढे मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या, १९३५ मध्ये रंगमंचावर आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी ‘कलाक्षेत्र’ सुरू केले. त्यांच्या अडवूंमध्ये, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांमध्ये, बॅलेची पावले शोधणे व्यर्थ आहे. त्याच काळात देवदासी परंपरेतून आलेल्या बालासरस्वती शृंगार हाच या नृत्याचा गाभा आहे असे ठामपणे सांगत होत्या, तर रुक्मिणीदेवींचा कल भक्तीकडे आणि रंगमंचाच्या शिस्तीकडे होता. दोघींची पदे, म्हणजे भरतनाट्यममधल्या भावप्रधान रचना, पाहिली की एकाच नायिकेच्या ओळीचा अर्थ कसा दुभंगतो हे कळते. यात मी स्वतः बालासरस्वतींच्या बाजूला झुकते. शृंगार वगळून केलेल्या भक्तीत मला पुष्कळदा ‘आवडीनें’सारखे शब्द बेघर झालेले दिसतात. तुम्ही मात्र दोन्ही बाजू पाहून ठरवा.

तुमच्या प्रबंधाच्या आराखड्यात तुम्ही पाच कवी, चार गायक आणि तीन नृत्यशैली घेतल्या आहेत. माझा आग्रह आहे की एक रचना घ्या, तिची तीन सादरीकरणे घ्या आणि तिथेच राहा. आधी संहिता हाताने लिहून काढा, क्रियापदे आणि सर्वनामे अधोरेखित करा, आणि कुणाचाही अभिप्राय वाचण्यापूर्वी तुम्हाला लागलेला अर्थ एका परिच्छेदात लिहून तारीख घाला. मग प्रत्येक गायनाची आवर्तनवार नोंद करा: कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर पडले, कोणत्या कडव्यानंतर ध्रुपद कितीदा आले. नृत्याची नोंद करताना ध्वनिचित्रफीत आधी आवाज बंद करून पाहा. केवळ शरीरावरून तुम्हाला कोणता शब्द ओळखता आला आणि कोणता आला नाही ते लिहा, मग आवाज लावा. कलावंत हयात असतील आणि भेट मिळाली तर ‘तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला सगळे गुरूचे नाव सांगतात. त्याऐवजी ‘ही जागा आधी कशी होती आणि तुम्ही ती केव्हा बदलली’ असे विचारा. चरित्रे यानंतर वाचा, आणि पहिल्या परिच्छेदातला तुमचा अर्थ कुठे बदलला ते त्याच्याखालीच नोंदवत जा.

‘सुंदर तें ध्यान’ घ्यायचे ठरवलेत तर सुरुवात शेवटच्या कडव्यापासून करा. तुम्ही निवडलेला प्रत्येक गायक ‘पाहीन’चा शेवटचा ‘न’ तोडतो की ‘श्रीमुख’मध्ये मिसळतो, एवढे आधी ऐका आणि मला लिहून पाठवा. पुढची नृत्याची निरीक्षणे आपण त्यावरून ठरवू.